ब्रँड गहाण ठेवून कर्ज मिळतं का?

आजचा एपिसोड ज्यांचा ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी थोडक्यात.

धुळ्याच्या एका मित्राचा फोन आला. केळीच्या वेफर्सचा धंदा आहे, माल रावेर-यावलचा. नवीन मशीन घ्यायचंय, पण तारण काय ठेवणार? शेत नाही, घर वडिलांच्या नावावर. म्हणाला, "अरे भो, आपल्या केळीला जीआय आहे ना, तेच ठेवतो गहाण!"

इथंच गफलत होते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे खरं. पण १९९९ च्या जीआय कायद्याचं कलम २४ सांगतं की हा हक्क विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. कारण साधं आहे. 'जळगावची केळी' हे नाव कुणा एकाचं नाही. एकाचं कर्ज थकलं म्हणून बँकेनं ते जप्त केलं, तर बाकीच्यांनी काय करायचं?

मग त्याच्या पाकिटावरचं नाव? ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं तर त्याच्या मालकीचं. २००२ च्या सरफेसी कायद्यात ट्रेडमार्क, पेटंट, कॉपीराइट यांनाही मालमत्ता मानलंय, म्हणजे तारण चालतं.

कायद्यानं चालतं, पण बँक विचारते, "उद्या हे नाव विकायला काढलं तर घेणार कोण?" किंगफिशर एअरलाइन्सचं उदाहरण घ्या. कर्ज देताना बँकांनी तिचा ब्रँड तारण घेतला होता. विमानं बंद पडली आणि एप्रिल २०१६ मध्ये त्या ट्रेडमार्कचा लिलाव झाला. राखीव किंमत ३६६ कोटींच्या वर. बोली लावायला एकही जण आला नाही! जमीन मालकाचा धंदा बुडाला तरी जागेवर राहते. नावाची किंमत धंद्यासोबत बुडते.

म्हणून मित्राला सांगितलं, नाव आधी नोंदव. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, आणि नोंदणी दर १० वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. सगळी विक्री त्याच नावानं, पक्क्या बिलावर कर. आणि आत्ताच्या मशीनसाठी बँकेत सीजीटीएमएसई योजनेचं विचार. तिच्यात सरकारी ट्रस्ट हमी घेतो, तारण लागत नाही.

तो म्हणाला, "म्हणजे नावावर आज पैसे नाहीत?"

आज नाहीत भो. पण आज नोंदवलं नाहीस, तर उद्या ते नाव तुझंच आहे हे सिद्ध करताना घाम फुटेल.