पहिलाच प्रवास, तोही एकट्याने!

स्कॉटलंडच्या तळ्याकाठी जन्मलेलं ऑस्प्रे या मासेमार शिकारी पक्ष्याचं पिल्लू जेमतेम तीन-चार महिन्यांचं असताना पश्चिम आफ्रिकेकडे झेपावतं. सुमारे ५,००० किलोमीटर, आणि सोबतीला कुणीच नाही! आई आधीच निघून गेलेली असते. बाबा मागे राहून मासे भरवतात, पण वाट दाखवायला येत नाहीत. दिशा उपजतच कळते. वाऱ्याशी कसं जुळवून घ्यायचं, ते मात्र वाटेतच शिकायचं.

हा प्रवास आपल्याला कळतो तो पिल्लांच्या पाठीवरच्या चिमुकल्या, सौरऊर्जेवर चालणाऱ्या ट्रान्समीटरमुळे. नकाशावर ठिपके पुढे सरकतात: बिस्केचा उपसागर, स्पेन, मोरोक्को, मग सहारा. काही पिल्लं वाऱ्याने अटलांटिकवर भरकटतात आणि ठिपके कायमचे थांबतात. जी सेनेगल-गांबियाच्या किनाऱ्यावर पोहोचतात, ती लगेच परतत नाहीत. दोन-तीन वर्षांची झाल्यावरच मायदेशी येतात.

आपल्याकडेही हिवाळ्यात उत्तरेकडून ऑस्प्रे येतात. उजनी धरणावर किंवा कोकणच्या खाडीत पाय पुढे करून पाण्यात सूर मारणारा शिकारी दिसला, तर दोन मिनिटं थांबा. त्यानेही पहिली वाट एकट्यानेच शोधली असेल. 🐟

#ऑस्प्रे #पक्षीस्थलांतर