अनेक केंद्रे, एकच नोंदवही

अहवालासोबतच्या जमाखर्च पत्रकात ‘संगणक-जाळे व दूरसंचार भाडे’ असे एक शीर्ष दरवर्षी येते. हा खर्च नेमका कशासाठी, असा प्रश्न अनेक हितचिंतकांनी वार्षिक सभेत विचारला आहे आणि तो रास्तही आहे. देणगीतून घेतलेली रुग्णवाहिका डोळ्यांना दिसते, नवा कक्ष दिसतो. जमिनीखालून जाणारी तार मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे. त्यामुळे हा विषय तंत्रज्ञाच्या नव्हे, तर हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

जाळे नव्हते त्या काळातील एक प्रसंग स्मरतो. कारंजाकडील एक वृद्ध महिला रात्री मुख्य रुग्णालयात दाखल झाली. तिला पेनिसिलिन सोसत नाही, ही नोंद आपल्याच बाह्य केंद्रातील कागदावर होती. तो कागद कपाटात आणि कपाटाची किल्ली घरी गेलेल्या लिपिकाकडे. सोबत आलेल्या मुलीला ती गोष्ट आठवली, म्हणून अनर्थ टळला. रुग्णाचे प्राण नातेवाइकांच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असावेत, ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास शाखांचे हिशेब परिचित असतात. प्रत्येक शाखा आपली वही ठेवते आणि महिनाअखेरीस मुख्यालयाशी जुळवणी होते. पैशाच्या बाबतीत महिनाभराचा विलंब चालतो, रुग्णाच्या बाबतीत तो चालत नाही. यास्तव सर्व केंद्रांना एकच वही त्याच क्षणी उघडता यावी, हा संगणक-जाळ्याचा मूळ हेतू होय.

अशा जाळ्याचे दोन भाग पडतात. पहिला, एकाच आवारातील जोडणी. येथे नेहमीची तांब्याची तार सुमारे १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते. शिवाय आपल्याकडे मृगापूर्वीच्या वादळात वीज पडली, की दोन इमारतींमधील तांब्याच्या तारेतून तिचा धक्का यंत्रांपर्यंत पोहोचतो. म्हणून इमारतींना जोडण्यासाठी काचतंतूची, म्हणजेच फायबरची केबल वापरणे इष्ट; तिच्या तंतूतून वीज वाहत नाही.

दुसरा भाग गावोगावच्या केंद्रांना जोडण्याचा. त्यासाठी दूरसंचार कंपनीकडून स्वतंत्र भाडेवाहिनी, म्हणजे लीज्ड लाइन घेता येते. ती महाग असते, परंतु वेगाची व दुरुस्तीच्या मुदतीची लेखी हमी मिळते. दुसरा मार्ग साध्या ब्रॉडबँडचा. तो स्वस्त असला तरी सार्वजनिक रस्त्यासारखा आहे. त्यावरून रुग्णांची माहिती उघडी नेता येत नाही. व्हीपीएन नावाच्या पद्धतीत ती माहिती सांकेतिक रूपात, मोहोरबंद लखोट्यातून जावी तशी जाते. लहान केंद्रांना हा मार्ग बहुधा पुरेसा ठरतो.

जोडणीपूर्वी एक बारीक काळजी घ्यावी लागते. प्रत्येक केंद्रातील संगणकांना वेगळी पत्तामालिका द्यावी. बाजारातून आणलेल्या राउटरमध्ये बहुधा तीच ती मालिका भरलेली असते. एका गावात एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या, की पोस्टमनची जी अवस्था होते तीच मग जाळ्याची होते. हा दोष केंद्रे सुटी असताना कळत नाही. जोडल्यावरच उघड होतो.

वेग किती घ्यावा, हेही साध्या गणिताने ठरते. छातीची एक डिजिटल क्ष-किरण प्रतिमा २० मेगाबाइटची धरली, तर ती १६० मेगाबिट होते. सेकंदाला २ मेगाबिट वाहून नेणाऱ्या वाहिनीवरून ती पोहोचण्यास ८० सेकंद लागतील. २० मेगाबिटच्या वाहिनीवरून ८ सेकंद. केवळ नोंदणी व औषधांच्या देयकांसाठी मात्र लहान वाहिनीही पुरते.

भरवशाचे गणित याहून महत्त्वाचे. ९९ टक्के सेवेची हमी ऐकण्यास चांगली वाटते. पण उरलेला १ टक्का म्हणजे वर्षाकाठी सुमारे ८८ तास, साडेतीन दिवसांहून अधिक काळ. अशाच दोन वाहिन्या एकमेकींपासून सर्वस्वी स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचा काळ वर्षाला तासाभराहून कमी येतो. ‘सर्वस्वी स्वतंत्र’ या शब्दांवर भर द्यावयाचा. दोन कंपन्यांच्या तारा एकाच चरातून येत असल्या, तर रस्तारुंदीकरणाचे यंत्र दोन्ही एकदम तोडते. यास्तव एक वाहिनी जमिनीखालून व दुसरी मोबाइल मनोऱ्यावरून घेणे शहाणपणाचे. आष्टी-कारंजाकडील डोंगराळ भागात मनोऱ्याचा संकेत प्रत्यक्ष केंद्राच्या जागी तपासूनच करार करावा.

या कामी दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्या साहाय्याने २००० च्या दशकातच रुग्णालय माहिती प्रणाली उभारली. ग्रामीण भागात हे घडू शकते, याचा तो वस्तुपाठ होय. अनेक केंद्रे जोडण्याचे उत्तम उदाहरण तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाचे. त्याच दशकात थेनी येथील रुग्णालय व खेड्यांतील दृष्टिकेंद्रे मनोऱ्यांवरील वाय-फाय यंत्रणेने जोडली गेली आणि गावातील रुग्ण पडद्यावरून डॉक्टरांशी बोलू लागला. बर्कली विद्यापीठाच्या ज्या अभ्यासकांनी त्यात साहाय्य केले, त्यांना असे आढळले, की बिघाडांचे एक मोठे कारण सदोष वीजपुरवठा हेच होते. विदर्भातील उन्हाळा अनुभवलेल्या वाचकास याचे नवल वाटू नये. म्हणूनच प्रत्येक केंद्रात राउटरआधी भूसंपर्कन तपासावे, चांगली बॅटरी बसवावी आणि यंत्रांच्या खोलीत हवा खेळती ठेवावी.

जोडण्याबरोबर धोकाही जोडला जातो, हे विसरून चालणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयास अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. जाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, हे त्याचे कारण शासनाने संसदेत सांगितले. सोप्या शब्दांत सांगावयाचे, तर घरातील खोल्यांना दारे नव्हती. हिशेब विभागाचा संगणक, प्रयोगशाळेची यंत्रे व पाहुण्यांचे वाय-फाय यांच्यामध्ये अशी दारे हवीत. माहितीच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक अन्य गावी व एक जाळ्यापासून अलग ठेवावी. प्रतीवरून माहिती परत उभी राहते की नाही, याची तालीमही ठरावीक काळाने व्हावी. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. तथापि रुग्णाचे गुपित राखणे हा त्याहून कितीतरी जुना धर्म आहे.

एवढे करूनही वाहिनी कधीतरी बंद पडणारच. त्या वेळी केंद्राने थांबू नये. नोंदी स्थानिक संगणकावर व्हाव्यात आणि वाहिनी सुरू होताच मुख्य वहीत उतराव्यात. याकरिता प्रत्येक केंद्राच्या नोंदणी क्रमांकापुढे त्या केंद्राचे आद्याक्षर लावावे. पावतीपुस्तकांना मालिका देतो तसेच हे आहे. दोन रुग्णांना एकच क्रमांक जात नाही. ॲलर्जीची नोंद मात्र रुग्णाजवळील कार्डावर ठळक अक्षरांत असावीच. संगणकाच्या युगातही तो पुठ्ठ्याचा तुकडा निकामी झालेला नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र एकदाच विकत घेता येते. वाहिनीचे भाडे, बॅटऱ्यांची बदली व ते सारे सांभाळणाऱ्या माणसाचे वेतन दरवर्षी लागते. देणगीदार बहुधा वस्तू देतात, कारण तिच्यावर नाव कोरता येते. भाड्याच्या पावतीवर कोणाचे नाव कोरले जात नाही. परंतु भाडे थकले, की देणगीत मिळालेला संगणक टेबलावरची शोभा होतो आणि नोंदी पुन्हा कपाटात जातात. यास्तव विनंती, की देणगी देताना तिचा काही अंश या आवर्ती खर्चाकरिता राखून ठेवण्याची अनुमती द्यावी. त्या रात्रीची मुलगी सोबत नसती तर काय झाले असते, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास अजूनही अस्वस्थ करतो. त्याचे उत्तर कोणाच्या आठवणीवर सोडावे लागू नये, एवढ्यासाठीच हे शीर्ष दरवर्षी पत्रकात येत राहील.