हार्लेमच्या ट्यूलिपवरील ज्वाळा

ज्या पट्टेदार ट्यूलिपच्या एकेका कंदासाठी घराएवढी किंमत मोजली जाई, त्याचा बाजार १६३७च्या फेब्रुवारीत प्रथम हार्लेममध्ये कोसळला. पाकळ्यांवरील त्या ज्वाळा हा संसर्गजन्य रोग असल्याचे १९२८मध्ये डोरोथी केली यांच्या कंदकलमांच्या प्रयोगांनी दाखवले. तो विषाणूचा रोग असून मावा ही कीड त्याची वाहक. विषाणू पेशीच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिने घडवून घेतो. आवरण-प्रथिनाचे सुमारे २००० रेणू आरएनएभोवती मळसूत्रासारखे रचले जातात आणि नवा कण तयार होतो. दुसरे साहाय्यक प्रथिन त्याला माव्याच्या सोंडेशी जोडते. संसर्गाने रंगद्रव्य अडते, पाकळीचा मूळ पांढरा वा पिवळा रंग उघडा पडतो. कंद मात्र खंगतो. दुर्मिळता आणि चढा भाव, दोन्ही त्याच खंगण्यातून आले. खानदेशातील पपईवर वलये उमटवणारा विषाणूही याच कुळातला. तेथे मात्र त्या नक्षीने फळाचा भाव पडतो.