टॉमी आणि परसातली नवी मंडळी

उदगीर, देवणी, जळकोट या पट्ट्यात परसात एखादी शेळी आणि चार कोंबड्या असणं नवलाचं नाही. काळ्याभोर उस्मानाबादी शेळीचं तर हे माहेरच. लातूर, तुळजापूर आणि उदगीर हे तिचे जुने तालुके. बदललं आहे ते घरातलं कुत्रं. पूर्वीचं कुत्रं दावणीजवळ वाढायचं, शेळ्यांच्या पायांतून फिरायचं. आजचं पामेरियन, पग किंवा डॅशहंड दिवाणखान्यात वाढतं आणि कोंबडी त्याने कधी जवळून पाहिलेलीच नसते. अशा एखाद्या टॉमीच्या घरात हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून शेळी येते, गिरिराजा कोंबडीची पिल्लं येतात आणि पहिल्याच संध्याकाळी परसात गोंधळ उडतो.

‘एवढंसं कुत्रं, ते काय करणार?’ हा समज या गोंधळाच्या मुळाशी असतो. कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू जेमतेम चाळीस ग्रॅमचं. पामेरियन पाच-सहा किलोचं. पूर्ण वाढलेली उस्मानाबादी शेळी तीस किलोंच्या पुढे. म्हणजे तेच कुत्रं पिल्लासाठी काळ आणि शेळीपुढे अगदीच दुबळं. पिल्लांची कोंबडी पिसं फुलवते, पंख खाली सोडते आणि सरळ कुत्र्याच्या तोंडावर झेपावते. पगसारख्या बटबटीत डोळ्यांच्या कुत्र्याला तिची चोच लागली, तर बुबुळाला जखम होऊ शकते. नुकती व्यालेली शेळीही मान खाली घालून ढुशी देते, आणि ती लहान कुत्र्याच्या बरगडीला झेपत नाही. ओळख करून देताना जपायचं असतं ते दोन्ही बाजूंना.

कोंबडीमागे धावणारं कुत्रं दुष्ट नसतं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकांनी कुत्र्याच्या शिकारीची साखळी मांडून दाखवली आहे : हेरणं, टक लावणं, दबकत जाणं, पाठलाग, पकड आणि शेवटी मारणं. कोणत्या जातीत यातली कोणती कडी ठळक राहिली, हे तिच्या पूर्वजांच्या कामावर ठरलं. डॅशहंड बिळातल्या प्राण्यांच्या शिकारीसाठी जोपासला गेला, टेरिअर उंदीर-घुशींसाठी. मराठवाड्यातलं सडपातळ कारवान कुत्रं तर सशामागे धावण्यासाठीच नावाजलेलं. पग मात्र मांडीवर बसण्यासाठीच वाढवला गेला. यात ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की पाठलाग हेच कुत्र्यासाठी बक्षीस असतं. एकदा पळणाऱ्या कोंबडीची गोडी लागली की नंतरचे दहा धपाटे वाया जातात.

मग धनगरांची कुत्री मेंढरांना हात कशी लावत नाहीत? कारण ती डोळे उघडल्यापासून कळपातच वाढतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कुत्र्याच्या पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याला फार महत्त्व दिलं आहे. या काळात जे सोबत असतं, ते पिल्लाला आपलं वाटतं. ती वेळ निघून गेलेल्या टॉमीलाही शिकवता येतं. फक्त घाई चालत नाही.

सुरुवात वासापासून करावी. नवी जनावरं आणि कोंबड्या पहिले दोन ते चार आठवडे तशाही वेगळ्याच ठेवाव्या लागतात, म्हणजे त्यांचा आजार असल्यास उघड होतो. या दिवसांत शेळीच्या अंगाखालचं पोतं कुत्र्याला हुंगायला द्यावं. त्यानंतर जाळीआडून दर्शन. अंतर किती? कुत्रं समोरचा खाऊ खाईल आणि हाक मारताच वळून पाहील, एवढं. त्याने कोंबडीवरची नजर काढून मालकाकडे पाहिलं की लगेच खाऊ द्यावा. पाच-दहा मिनिटं पुरेत. फिरवून आणल्यावर, कोंबड्या शांत असताना हा सराव सोपा जातो.

कुत्रं निवळल्याची खूण शेपटीत शोधू नये. शिकारीच्या ओढीतही शेपूट हलते. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली आणि एक पाय उचललेला दिसला की अंतर वाढवावं. अंग सैल ठेवून कुत्रं जमीन हुंगू लागलं, तर पुढच्या वेळी दोन पावलं जवळ जाता येतं. मोकळ्या अंगणातली पहिली भेट मात्र पट्ट्यावरच. खुराड्याला पातळ जाळीऐवजी वेल्ड केलेली जाळी लावावी आणि ती फूटभर जमिनीत गाडावी, कारण डॅशहंड उकरण्यात पटाईत.

दुसरी बाजू रोगांची. जानेवारी २०२५मध्ये उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मेलेला पक्षी चघळणाऱ्या कुत्र्यालाही हा विषाणू गाठू शकतो. थायलंडमध्ये २००४ साली बाधित बदक खाल्लेलं कुत्रं दगावलं होतं. परसात मेलेला कावळा दिसला तर आधी कुत्रं आत घ्यावं, पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

रोग उलटही जातो. कत्तलीनंतरचं कच्चं मुंडकं, फुप्फुस, काळीज कुत्र्याला घातलं की त्यातून पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि शेळीच्या मेंदूत पाण्याची गाठ धरते. शेळी एकाच बाजूला गरगर फिरू लागते. म्हणून कच्चा टाकाऊ मांसभाग बंद आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंताचं औषध. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी. कोंबड्यांचं खाद्यही झाकूनच ठेवावं. रक्ती हगवण टाळण्यासाठी काही खाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधं मिसळतात, ती कुत्र्याला विषारी ठरतात.

उदगीरकरांना सल्ल्यासाठी लांब जावं लागत नाही, पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे. शेळी किंवा पिल्लं घरी आणण्याआधीच कुत्र्याची लस आणि जंताचं औषध पूर्ण करून घ्या. आणि टॉमी कितीही शहाणा निघाला, तरी घरात कुणी नसताना त्याला पिल्लांजवळ मोकळं सोडू नका.