सुईला स्थळ पाहताना

तबकडी मेली, तबकडी मेली, असे आपण किती वर्षे म्हणत होतो! १९८२ मध्ये सीडी निघाली आणि पाहता पाहता रेकॉर्ड प्लेयर माळ्यावर गेले, तबकड्यांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत पडले. पण काळाची गंमत अशी की, २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा तबकड्याच संख्येने अधिक खपल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. आपल्याकडेही माळ्यावरची खोकी खाली उतरू लागली आहेत. एखाद्या घरी वडिलांनी हौसेने घेतलेली कुमार गंधर्वांची तबकडी सापडते, एखाद्या घरी आईने जपलेली किशोरी आमोणकरांची. धूळ पुसली जाते आणि मग प्रश्न पडतो, ही वाजवायची कशावर?

येथे हौशी मंडळींचा सल्ला सुरू होतो. ‘प्रीअँप्लिफायर घ्यावा तर व्हॉल्व्हचाच, आणि सुई लावावी तर मूव्हिंग कॉइलचीच!’ सल्ला वाईट नाही. ही जोडी जमली की गाणे समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. पण ‘जमली की’ हे दोन शब्द सल्लागार बहुधा गाळतात. मुलगी गुणी, मुलगा कर्तबगार. तरी संसार जमेलच असे थोडेच आहे? सुई आणि व्हॉल्व्ह यांचेही तसेच आहे. सुदैवाने यांची पत्रिका पाहायला ज्योतिषी लागत नाही. शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

सुईच्या टोकाशी काय घडते?

तबकडीवरची खाच सरळ नसते. गायकाच्या आवाजाबरहुकूम ती नागमोडी कोरलेली असते. हिऱ्याचे टोक त्या वळणांवरून फिरते आणि थरथरते. त्या थरथरीची वीज करायची, एवढेच कार्ट्रिजचे काम. तारेचे वेटोळे आणि चुंबक यांतले एक दुसऱ्याजवळ हलले की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून दिले होते. आता हलवायचे कुणी, हा प्रश्न. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला इवलेसे चुंबक असते आणि वेटोळी स्थिर असतात. हे मूव्हिंग मॅग्नेट. याच्या उलट केले, चुंबक स्थिर ठेवून वेटोळी हलवली, की झाले मूव्हिंग कॉइल.

हलायचे ते वेटोळे हलके हवे. म्हणून तार केसाहून बारीक आणि फेरे मोजके. या हलकेपणामुळे सुई खाचेतली बारीकसारीक वळणे चटकन टिपते. पण फेरे कमी म्हणजे वीजही कमी. डेनॉनची डीएल-१०३ ही या जातीतली नामांकित सुई पाहा. १९६० नंतरच्या दशकात जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेसाठी ती तयार झाली आणि आजही मिळते. तिचे उत्पन्न ०.३ मिलिव्होल्ट! आपल्या टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो; त्याचा पाच हजारावा हिस्सा. मूव्हिंग मॅग्नेट तीन ते पाच मिलिव्होल्ट देते, म्हणजे निदान दसपट.

काचेच्या नळीतला कारभार

आता नवऱ्या मुलाकडे वळू. प्रीअँप्लिफायरला दोन कामे. तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार स्वर मुद्दाम चढवलेले असतात. खर्ज तसाच कोरला तर खाचा रुंद होऊन तबकडीवर जागा पुरणार नाही, म्हणून ही युक्ती. तिचे आरआयएए हे प्रमाण १९५४ मध्ये ठरले. वाजवताना हा व्यवहार उलटा करून हिशेब चुकता करणे, हे पहिले काम. दुसरे म्हणजे मिळालेली वीज सुमारे शंभरपट वाढवणे.

व्हॉल्व्हच्या प्रीअँप्लिफायरमध्ये हे काम बहुधा ईसीसी८३ ही काचेची नळी करते. अमेरिकेत तिलाच १२एएक्स७ म्हणतात. १९५८ च्या प्रसिद्ध मॅरँट्झ ७ मध्ये असे सहा व्हॉल्व्ह होते. आजही रशियात आणि स्लोव्हाकियात ते तयार होतात. आवाजात गोडवा आणणारी ही नळी स्वतः मात्र अगदी गप्प नसते. आत इलेक्ट्रॉन धावत असतात, त्यांची एक हलकी ‘सुस्स’ चालू असते. ढोबळ हिशेबाने ती एक मायक्रोव्होल्ट धरा. मूव्हिंग मॅग्नेटचे चार मिलिव्होल्ट म्हणजे चार हजार मायक्रोव्होल्ट; त्यापुढे एकाची काय कथा? पण डीएल-१०३ चे उत्पन्न अवघे तीनशे मायक्रोव्होल्ट. सुई थेट व्हॉल्व्हला जोडली, तर गाणे तीनशे आणि सुसकारा एक! आलाप संथ झाला, गायकाने श्वास घेतला, की मधल्या शांततेत ही सुस्स कानाला लागतेच.

आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी नेमके हेच केले. भारी किमतीची सुई आणली, जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राला जोडली, आवाजाचे बटण शेवटापर्यंत फिरवले आणि घरच्यांना ऐकायला बसवले. दोन मिनिटांनी आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, यात गाणं कुठंय? मला तर नुसता पाऊस ऐकू येतोय!” सुईत खोट नव्हती आणि यंत्रातही नव्हती. दोघांमध्ये मध्यस्थ नव्हता, एवढेच.

मध्यस्थाचा हिशेब

तो मध्यस्थ म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर. एका बाजूला तारेचे फेरे थोडे, दुसऱ्या बाजूला अधिक. एकास दहा असे प्रमाण असेल तर ०.३ चे जवळजवळ ३ मिलिव्होल्ट होतात आणि व्हॉल्व्ह संतुष्ट होतो. या ट्रान्सफॉर्मरला ना व्हॉल्व्ह लागतो, ना विजेची जोडणी. त्यामुळे त्याची स्वतःची सुस्स जवळजवळ नसतेच.

मग एकास तीस का घेऊ नये? तिप्पट आवाज मिळेल! दुकानात हा प्रश्न हमखास निघतो आणि पैसे वाया जातात ते येथेच. कारण ट्रान्सफॉर्मर फुकट काही देत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्राचा भार बहुधा ४७,००० ओहम असतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर आला की सुईला तो भार फेऱ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाने भागून दिसतो. एकास दहाचा वर्ग शंभर. म्हणून सुईला भार दिसतो ४७० ओहम. एकास वीसला तो सुमारे ११८ आणि एकास तीसला अवघा ५२. आकडा जितका लहान, तितके सुईच्या खांद्यावरचे ओझे जड.

डीएल-१०३ च्या वेटोळ्याचा स्वतःचा अवरोध ४० ओहम आहे. एकास दहावर ती सुमारे २.८ मिलिव्होल्ट देते. एकास वीसवर ६ मिळावेत, पण मिळतात ४.५. एकास तीसवर ९ ची अपेक्षा, आणि हाती येतात जेमतेम ५.१! वीसचे तीस केल्याने वाढला तो सातवा हिस्सा. बाकीची वीज वेटोळ्यातच अडली. शिवाय ओझ्याखाली दबलेल्या सुईचा आवाज मिटल्यासारखा होतो, तार स्वरांवरचा तजेला जातो.

आता दुसरे स्थळ पाहा. डेन्मार्कच्या ऑर्टोफोन कंपनीने १९५९ मध्ये एसपीयू नावाची सुई काढली. तिच्या आजच्या क्लासिक अवतारात उत्पन्न ०.२ मिलिव्होल्ट, म्हणजे डीएल-१०३ हूनही कमी. पण अवरोध फक्त ६ ओहम. हिला एकास दहा दिला तर दोन मिलिव्होल्टही पुरते मिळत नाहीत. एकास वीस दिला की ३.८ मिळतात आणि ११८ ओहमांचा भार ती लीलया पेलते. एकास तीसही तिला चालतो. म्हणजे जो ट्रान्सफॉर्मर एकीला जाच, तोच दुसरीला आधार! उत्तम ट्रान्सफॉर्मर कोणता, या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणत्या सुईसाठी, हे आधी सांगावे लागते. सुईला दिसणारा भार तिच्या अवरोधाच्या सुमारे दसपट असावा, एवढे सूत्र गाठीशी असले की पुरे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी येथेच सांगतो. ट्रान्सफॉर्मर विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवू नये. तो तिथली घरघर चटकन पकडतो. हातभर दूर नेला, थोडा इकडेतिकडे वळवून पाहिला की बहुधा शांत होतो. दुसरे असे की, हल्लीच्या कित्येक यंत्रांत मूव्हिंग कॉइलसाठी वेगळी जोडणी असते आणि तिथे वीज वाढवण्याची सोय आतच केलेली असते. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर लावायचा असेल तर तो मूव्हिंग मॅग्नेटच्या जोडणीलाच लावावा. एका लग्नाला दोन मध्यस्थ झाले की गोंधळ ठरलेला. आणि घरात मुले असतील तर हेही ध्यानात ठेवावे की, व्हॉल्व्हच्या यंत्रात आत अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. झाकण उघडणे हे जाणकाराचे काम.

दांडी आणि हिरा

विजेची पत्रिका जुळली तरी सासर अजून पाहायचे राहिले. सुई ज्या दांडीला बसते, ती दांडीही तिला मानवली पाहिजे. डीएल-१०३ ताठ स्वभावाची आहे. तिची दांडी सहज लवत नाही. अशी सुई हलक्या दांडीला बसवली तर दोघींचे मिळून होणारे कंपन वर सरकते आणि खर्जाच्या जवळ लुडबूड करू लागते. हे कंपन सेकंदाला ८ ते १२ च्या दरम्यान असावे. त्याखाली तबकडीचा बाक आणि घरातली पावले असतात, त्यावर गाणे. म्हणून हिला जड दांडी द्यावी. एसपीयू तर आपल्या घरासकट, म्हणजे हेडशेलसकट येते आणि तिचे वजन सुमारे ३० ग्रॅम भरते. दांडीचे मागचे वजन तिला तोलून धरील की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

खाचेवर सुईचा दाब किती, हेही महत्त्वाचे. डीएल-१०३ ला २.५ ग्रॅम, एसपीयूला ४ ग्रॅम. कित्येकांना वाटते, दाब कमी ठेवला की तबकडी कमी झिजेल. प्रकार बरोबर उलटा आहे. दाब अपुरा पडला की हिरा खाचेत नीट टेकत नाही, उडतो आणि भिंतींवर आपटतो. त्याची खूण तबकडीवर कायमची राहते. म्हणून दाब कारखान्याने सांगितला असेल तेवढाच ठेवावा आणि तो मोजायचा छोटा काटा सुईबरोबरच घ्यावा.

हिऱ्याचे टोक गोल असते किंवा लंबगोल. लंबगोल टोक बारकावे अधिक टिपते. पण बसवताना कोन जरासा चुकला तरी कुरकुर करते. डीएल-१०३ चे टोक गोल आहे. दमदमला छापलेल्या आणि घरोघर वाजून थकलेल्या एच.एम.व्ही.च्या तबकड्यांना असे समजूतदार टोक बरे. मात्र ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची खाच कितीतरी रुंद असते; त्यांना ही सुई लावूच नये. त्यांच्यासाठी वेगळी, जाड टोकाची सुई हवी.

मूव्हिंग कॉइलचा आणखी एक खर्च दुकानदार आपणहून सांगत नाही. मूव्हिंग मॅग्नेटची सुई झिजली तर बहुधा तेवढी काढून नवी घालता येते. येथे तसे होत नाही. पूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते किंवा जाणकाराकडून हिरा नव्याने बसवून घ्यावा लागतो. रोज तासभर गाणे ऐकणाऱ्या घरात दीड वर्षात पाचशे तास भरतात. त्यानंतर हिरा भिंगाखाली तपासून घेणे शहाणपणाचे. झिजलेला हिरा छिन्नीसारखा होतो आणि जी तबकडी ऐकण्यासाठी हा सारा खटाटोप, तिलाच तासत सुटतो. सुई पुन्हा विकत मिळते. वडिलांच्या हस्ताक्षरात नाव घातलेली तबकडी मिळत नाही. महिन्याच्या खर्चात ही सोय बसत नसेल, तर चांगली मूव्हिंग मॅग्नेट सुई खुशाल घ्यावी. तीही याच व्हॉल्व्हवर सुरेख गाते आणि तिला मध्यस्थही लागत नाही.

परीक्षा कानाची

आकडे जुळले की उरते ती परीक्षा कानाची, आणि ती आपलीच तबकडी नेऊन करावी. दुकानदाराच्या तबकडीवर त्याचे सारेच सामान चांगले वाजते. प्रथम तानपुरा ऐकावा. जवारीची ती गुणगुणणारी वलये एकातून एक निघताना ऐकू येतात की नुसती एक गूंज भरून राहते? मग तबला: ‘ना’ आणि ‘तिं’ वेगळे कळतात का?

मराठी शिकवणाऱ्याचा कान आणखी एका जागी अडतो, तो उच्चारावर. ‘चंद्र’ म्हणताना आणि ‘चांदणे’ म्हणताना आपली जीभ दोन वेगळ्या ठिकाणी टेकते. भावगीताच्या तबकडीवर हे दोन ‘च’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. दुसरा ‘च’ थुंकल्यासारखा फुटत असेल, ‘स’ची शीळ होत असेल, तर सुई नीट बसलेली नाही किंवा दाब चुकला आहे, असे समजावे.

ही परीक्षा तबकडीच्या शेवटच्या गाण्यावर घ्यावी. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर मध्याजवळ अवघी २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो, आणि सुईचे दोष तिथेच उघडे पडतात. भैरवी शेवटी असलेली एखादी तबकडी घरात असेल, तर दुकानात जाताना तीच काखेत घ्यावी. सुरुवातीचा ख्याल बहुतेक सुया निभावून नेतात. भैरवीतले शब्द अखेरपर्यंत स्वच्छ आले, तर पैसे मोजायला हरकत नाही.