पाण्याचा दाखला

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या बाजाराच्या गावी नळाचे पाणी पिण्यास योग्य आहे किंवा कसे, हे ठरविण्याची जी वहिवाट आपल्याकडे रूढ आहे, तिचा आरंभ जलसुरक्षकापासून होतो. तो टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचे द्रावण सोडतो, शेवटच्या नळाशी जाऊन परीक्षानळीत पाणी धरतो, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकतो, आणि पाण्यास पिवळी छटा चढली म्हणजे क्लोरीन शिल्लक असल्याची त्याची खात्री पटते. पुढे प्रयोगशाळेत जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा इत्यादींची तपासणी होऊन ग्रामपंचायतीच्या दप्तरी अहवाल येतो. पटकीने ज्या मुलखात एके काळी घरेच्या घरे ओस पाडली, तेथे ही व्यवस्था सामान्य मोलाची नव्हे. परंतु यंत्रभागांवरील वंगण धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाविषयी त्या अहवालात अवाक्षर नसते, कारण तसे कोणी विचारलेलेच नसते. आयएस 10500 या 2012 च्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला मर्यादा घातली आहे. या द्रावकाचे मात्र त्यात नावही नाही.

हा द्रव वर्णहीन, किंचित गोडसर वासाचा आणि पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो. आणि पाण्यात त्याचा वास नाकास जाणवू लागेपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. अमेरिकेत ही मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबाने एक लिटर द्रावक सुमारे 29 कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवू शकते; म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावास, माणशी 55 लिटर धरल्यास, जवळजवळ दीड वर्ष पुरणारे पाणी! क्लोरीनने हे द्रावक नष्ट होत नाही. उकळल्याने पाण्यातून जाते खरे, पण स्वयंपाकघराच्या हवेत जाते. आपल्या काळ्या पाषाणात तर पाणी मुख्यत्वे मुरमाड थरात आणि भेगाभेगांत साठते, आणि हा जड द्रव कोणत्या भेगेने खाली उतरेल याचा अदमास घेणे दुरापास्त असल्यामुळे, एका विहिरीचे पाणी स्वच्छ निघाले म्हणून शेजारच्या बोअरची हमी देता येत नाही.

मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या लहानशा शहरात 1964 व 1967 साली सुरू झालेल्या दोन विहिरींच्या पाण्याच्या चवीविषयी रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करीत होते, आणि जिवाणूंची तपासणी उत्तीर्ण झालेले पाणी उत्तम आहे, असे उत्तर त्यांना मिळत होते. 1979 साली जवळच टाकून दिलेली 184 पिंपे सापडली, म्हणून कोणा अंमलदाराने विहिरींची निराळी तपासणी करविली, तेव्हा एकीत लिटरमागे 267 मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोएथिलीन आढळले. गंमत अशी की, ते त्या पिंपांतून आलेलेच नव्हते.

वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती पिशोरपासून दूर आहेत, हे समाधान पुरेसे नाही. टाकाऊ रसायन टँकरमध्ये बसून हवे तेथे जाऊ शकते. 2014 साली उल्हासनगरात वालधुनी नदीच्या पात्रात असेच रसायन ओतले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो लोक गुदमरले. रात्री नाल्यात रिकामा होणारा टँकर गावाची शीव पाहत नाही. म्हणून प्रत्येक गावाने दर महिन्यास अशा द्रावकांची महागडी तपासणी करावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु विहिरीच्या वरच्या अंगास संशयास्पद पिंपे दिसली, वा पाण्यास औषधी वास आला, तर नेहमीच्या तपासणीवर विसंबू नये आणि प्रयोगशाळेकडे ‘वाष्पशील सेंद्रिय संयुगे’ (हे द्रावक त्यांतलेच) अशी स्पष्ट मागणी लेखी करावी.

नमुना घेण्याची रीतही वेगळी आहे. प्लास्टिकची बाटली चालत नाही. 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी करून हलकेच टिचकी मारावी. बुडबुडा वर चढला तर नमुना बाद, कारण द्रावक पाणी सोडून त्या हवेत शिरते. मग थोडे आम्ल मिसळलेल्या त्या कुप्या बर्फात ठेवून चौदा दिवसांच्या आत वायुवर्णलेखन यंत्रापर्यंत पोहोचवाव्या लागतात. त्यांच्यासोबत शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपीही न उघडता सारा प्रवास करते. नमुने नेणारा गृहस्थ वाटेत पेट्रोल पंपावर थांबला असेल, तर त्याची साक्ष बहुधा तीच देते. आणि तिच्यात काही सापडले, तर विहिरीवर ठपका ठेवण्यापूर्वी मोटारसायकलीच्या टाकीची चौकशी करावी लागते.