नळ कोणी बंद करायचा?

देहरंगचं धरण तळाला गेलं की पनवेलमध्ये पाणीकपात सुरू होते. सोसायटीत टँकर येतो आणि कोणाकडे किती पाणी लागतं याची चर्चा जिन्यात रंगते. अशा वेळी एखाद्या घरातली झाकलेली गोष्ट बाहेर येते. लोकलची दांडी धरून आलेला मुलगा घरात शिरताच थेट मोरीत जातो आणि तास-दीड तास बाहेर येत नाही. आईने त्याच्यासाठी दोन बादल्या आधीच वेगळ्या भरून ठेवलेल्या असतात. दाराची कडीही तीच उघडते, कारण ‘बाहेरच्या’ हाताने ती धरणं त्याला जमत नाही. हे घर काल्पनिक आहे, पण कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ते ओळखीचं वाटेल.

या आजाराला डॉक्टर ओसीडी म्हणतात, जुनी माणसं मंत्रचळ म्हणत. मनात नको असलेला विचार घुसतो, त्याने जीव घाबरा होतो आणि ती भीती शमवायला माणूस हात धुतो, कुलूप पुन्हा तपासतो किंवा मनातल्या मनात काही पुटपुटतो. विचार येणं हा काही आजार नव्हे. रॅचमन आणि डिसिल्वा यांनी 1978 मध्ये धडधाकट माणसांना विचारलं, तेव्हा सुमारे 80 टक्क्यांनी असे विचित्र विचार आपल्यालाही येतात असं सांगितलं. आजार बळावतो तो विचाराला दिलेल्या उत्तरामुळे. दर वेळी धुतल्यावर क्षणभर सुटका होते, आणि न धुता काय झालं असतं हे मेंदूला कधी कळतच नाही.

उपचार नेमका इथेच घाव घालतो. 1966 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर यांनी धुण्याच्या वेडाने ग्रासलेल्या रुग्णाला ‘अस्वच्छ’ वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला सांगितलं, आणि खोलीतला नळच बंद करून ठेवला. परिचारिका लक्ष ठेवून असत. आज या पद्धतीला ईआरपी म्हणतात: भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. अमेरिकेत एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ईआरपी सुरू केलेल्यांपैकी 62 टक्के रुग्णांना गुण आला. क्लोमिप्रामिन या औषधाने 42, दोन्ही मिळून 70, आणि नुसत्या साखरेच्या गोळीने 8 टक्के.

‘गुण आला’ म्हणजे काय, हेही पाहायला हवं. येल-ब्राउन मापनपट्टीवर आजाराची तीव्रता 0 ते 40 गुणांत मोजतात, आणि त्यात साधारण 35 टक्के घट झाली की उपचार लागू पडला, असं संशोधक सहसा धरतात. 28 वरून 18 वर आलेला माणूस त्यांच्या वहीत यशस्वी ठरतो, पण 18 गुण म्हणजे अजूनही मध्यम तीव्रतेचा आजार. ‘कोर्स झाला’ म्हणून इथेच थांबणारे पुष्कळ असतात.

मग एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला नाही, असं का? तीव्र नैराश्य सोबत असेल तर काम अवघड होतं. आपली भीती अवास्तव आहे हे रुग्णाला मुळीच पटत नसेल तर आणखी अवघड. वस्तू साठवत राहण्याच्या प्रवृत्तीवर हा उपचार नीट चालत नाही. 2013 पासून तिला वेगळा आजारच मानतात. ओसीडीवरची औषधं नैराश्याच्या मानाने बऱ्याचदा जास्त मात्रेत द्यावी लागतात आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणत गोळ्या सोडणाऱ्याचा दोष औषधावर जातो.

पण सर्वांत ठोस धागा सापडतो तो घरच्या अभ्यासात. सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की, दोन भेटींच्या मधल्या दिवसांत नेमून दिलेला सराव जे खरोखर करतात, त्यांचा आजार जास्त उतरतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या व्यायामासारखंच हे: तज्ज्ञाच्या खोलीतला तास कितीही चांगला गेला, तरी निकाल घरी लागतो.

आणि घरी त्या दोन बादल्या भरलेल्या असतात. आई शंभरदा सांगते, ‘हो रे, गॅस बंद आहे.’ बायको त्याचे कपडे वेगळे धुते. संशोधनात याला कुटुंबाची जुळवणूक म्हणतात, आणि ती जितकी जास्त तितका उपचाराचा परिणाम कमी, हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आपल्याकडे तर सोवळं-ओवळं आणि ‘टापटिपीची आवड’ यांच्या आड हा आजार वर्षानुवर्षं सुखाने राहतो. माझ्या मते घरच्यांना सोबत न घेता केलेला ईआरपी हा अर्धाच उपचार. अर्थात याचा अर्थ उद्या सकाळी नळ बंद करा असा मुळीच नाही. अचानक पाठिंबा काढला तर घरात भांडणं होतात आणि रुग्ण उपचारच सोडतो. कोणती मदत आधी थांबवायची हे रुग्ण, तज्ज्ञ आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं, आणि सोप्यापासून सुरुवात करायची.

पनवेलकरांना यासाठी फार लांब जायला नको; कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा: तुम्ही ईआरपी करता का, आणि आम्ही घरच्यांनी कधी यायचं?